तर्क बरोबर, गाव चुकलं

पेटचा निकाल लागला की माझ्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत यायला लागतो. "ताई, एआय आता डॉक्टरसारखा विचार करतो म्हणतात. पायऱ्या लिहून उत्तर देतो. मग वैद्यकातला एआयचा तर्क, हा विषय पीएचडीला घेऊ का?"

घ्या की. विषय चांगला आहे. पण या विषयातले गाजलेले पेपर वाचताना माझी स्वतःची जी फसगत झाली, ती आधी सांगते. ती वाचून मग ठरवा.

माझं काम रक्ताच्या साध्या तपासणीवरचं आहे. सीबीसीचे आकडे बघून अ‍ॅनिमिया कोणत्या प्रकारचा असू शकतो, याचा अंदाज बांधणारं एक बेझियन जाळं मी तयार करत होते. कोणालाही मोफत मिळणारा डेटा घेतला, मॉडेल शिकवलं, आकडे छान आले. पहिल्या प्रगती अहवालाच्या वेळी मी खुशीत स्लाइड दाखवत होते. गाइडनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं, "तुझ्या जिल्ह्यातले यात किती जण आहेत?"

उत्तर शून्य होतं. मी नंदुरबार तालुक्यातल्या कोरीटची. आमच्या जिल्ह्यात सिकलसेल हा शब्द आशाताईंपासून शाळेतल्या पोरांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. आणि माझ्या मॉडेलमध्ये सिकलसेल नावाची शक्यताच जवळजवळ नव्हती. मॉडेलने गणित कुठेही चुकवलं नव्हतं. त्याला आमच्या भागाची माहिती कोणी दिलीच नव्हती, आणि न देणारी मीच होते.

एक लहान मूल, दोन उत्तरं

त्यानंतरच्या दिवाळीत घरी गेले होते. ओळखीतल्या एका कुटुंबातल्या लहान मुलाला सिकलसेल असल्याचं सरकारी दवाखान्यात आधीच पक्कं झालेलं होतं. म्हणजे उत्तर माहीत असलेला प्रश्न माझ्या हातात होता. मी नाव-गाव काही न देता फक्त सुरुवातीची लक्षणं एका चॅटबॉटला मराठीत लिहून दिली: दीड वर्षाचं मूल, दोन्ही हातांची बोटं सुजली आहेत, हात लावला की रडतं, अंगात थोडा ताप, चेहरा फिकट.

उत्तर व्यवस्थित आलं. पायरी एक, पायरी दोन असं. आधी जंतुसंसर्ग, मग सांध्यांचा दाह, मग मार लागला असण्याची शक्यता. सिकलसेल होता, पण यादीत खाली, "दुर्मिळ कारणे" या मथळ्याखाली. मग मी त्याच मजकुरात एकच वाक्य वाढवलं: कुटुंब नंदुरबार जिल्ह्यातलं, भिल्ल समाजातलं. सिकलसेल एकदम पहिल्या क्रमांकावर आला, तोही तितक्याच आत्मविश्वासाने लिहिलेल्या पायऱ्यांसकट.

आई शेजारी बसून शेंगा सोलत होती. तिला मी दोन्ही उत्तरं वाचून दाखवली. ती म्हणाली, "पहिल्या येळले त्याले गाव माहीत नव्हतं ना."

एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही, हे संशोधनाला बसणाऱ्याने पहिल्या दिवशीच शिकायचं असतं. तेव्हा या किश्श्याला पुरावा म्हणून वापरू नका. पण आईने जो मुद्दा पकडला, तो या क्षेत्रातला सर्वांत जुना मुद्दा आहे. तो आकड्यांत मांडता येतो.

"दुर्मिळ" कुठे?

समजा (हे आकडे फक्त गणित कळावं म्हणून घेतले आहेत) बोटं सुजण्याचं हे लक्षण सिकलसेल असलेल्या १०० मुलांपैकी ३० जणांत दिसतं आणि नसलेल्या १०० मुलांपैकी एकात, वेगळ्या कारणाने.

आता एखादं असं शहर घ्या जिथे १०,००० मुलांत एकाला हा आजार आहे. १०,००० मुलांपैकी सुजलेली बोटं दिसतील सुमारे १०० जणांची, आणि त्यात सिकलसेलचं एखादं मूल असलं तर असलं. म्हणजे शक्यता अर्ध्या टक्क्याच्याही आत. तिथे "दुर्मिळ कारण" हा शब्द अगदी योग्य आहे.

आता आमच्याकडे या. डॉ. सुदाम काटे आणि लिंगोजवार यांचा २००२ चा महाराष्ट्रातल्या सिकलसेलवरचा पेपर वाचा. भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा काही समाजांत वाहकांचं प्रमाण २० ते ३५ टक्के इतकं त्यात नोंदवलेलं आहे. त्यातला खालचा आकडा घेऊ, २० टक्के. आई आणि वडील दोघेही वाहक असण्याची शक्यता ०.२ गुणिले ०.२, म्हणजे १०० जोडप्यांत ४. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला आजार असण्याची शक्यता एक चतुर्थांश. म्हणजे ढोबळमानाने १०० मुलांमागे एक. १०,००० मुलांत १०० आजारी, त्यातल्या ३० जणांची बोटं सुजलेली. उरलेल्या ९,९०० मधल्या ९९ जणांचीही सुजलेली. एकूण १२९ पैकी ३०. शक्यता २३ टक्क्यांच्या आसपास.

लक्षण तेच, तर्काचा नियमही तोच. फक्त सुरुवातीचं प्रमाण बदललं आणि शक्यता सत्तर-ऐंशी पटींनी वर गेली. या सुरुवातीच्या प्रमाणाला आपण पूर्वसंभाव्यता म्हणतो. पुस्तकात ती एका ओळीत येते आणि परीक्षेत दोन मार्कांना असते. दवाखान्यात मात्र मुलाचा पुढचा रस्ता तीच ठरवते: अँटिबायोटिक देऊन घरी पाठवायचं, की त्यासोबत सिकलसेलची तपासणीही करून घ्यायची.

हे साठ वर्षांपूर्वीच माहीत होतं

१९५९ साली रॉबर्ट लेडली आणि ली लस्टेड यांनी 'सायन्स'मध्ये एक पेपर लिहिला. डॉक्टर निदान करताना जो विचार करतो, तो तर्कशास्त्र आणि संभाव्यतेच्या भाषेत कसा मांडता येईल, हा त्याचा विषय. या क्षेत्राचा पाया म्हणून तो आजही वाचतात.

त्या वाटेवरचं सर्वांत शिकण्यासारखं काम मला वाटतं ते इंग्लंडमधल्या लीड्सचं. दे डोंबाल आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये पोटदुखीच्या ३०४ रुग्णांवर बेझच्या नियमाने चालणारा संगणक वापरून पाहिला. संगणकाचं निदान ९१.८ टक्के वेळा बरोबर आलं, तिथल्या सर्वांत अनुभवी डॉक्टरांचं ७९.६ टक्के वेळा. पण त्याच गटाने आणखी एक गोष्ट केली, जी सहसा कोणी सांगत नाही. रुग्णांच्या नोंदी मोजून काढलेल्या संभाव्यता बाजूला ठेवून त्यांनी डॉक्टरांनाच विचारलं, हे लक्षण या आजारात किती वेळा दिसतं असं तुम्हाला वाटतं? ते अंदाज मशीनमध्ये घातल्यावर मशीनची कामगिरी खाली आली. पुढे हीच पद्धत कोपनहेगनमध्ये वापरली गेली, तेव्हाही लीड्सचा आकडा तिथे टिकला नाही.

म्हणजे मशीनची हुशारी लीड्समधल्या रुग्णांच्या मोजदादीत होती. मोजदाद बदलली की हुशारी उतरते. १९७० च्या दशकात हे छापून आलेलं आहे, आणि आपण २०२० च्या दशकात पुन्हा तेच नव्याने शिकतो आहोत.

त्याच दशकात स्टॅनफर्डमध्ये एडवर्ड शॉर्टलिफ यांनी मायसिन बनवलं. जंतुसंसर्गावर कोणतं औषध द्यावं हे सुचवणारी काही शे नियमांची प्रणाली. १९७९ मध्ये मेंदूज्वराच्या १० रुग्णांवर तिची परीक्षा झाली. बाहेरच्या तज्ज्ञांनी मायसिनच्या ६५ टक्के सल्ल्यांना मान्यता दिली, तर तिथल्या पाच प्राध्यापकांना मिळालेली मान्यता ४२.५ ते ६२.५ टक्के होती. तरीही मायसिन रोजच्या उपचारात कधी वापरलं गेलं नाही. पण त्याची एक खुबी लक्षात ठेवा. मशीन एखादा प्रश्न विचारी तेव्हा डॉक्टर उलट विचारू शकत, "का?" त्यावर मायसिन तो नियमच दाखवी, जो ते त्या क्षणी खरोखर वापरत होतं. नियम चुकीचा असला तर बोट ठेवून दाखवता येई.

आता २०२३ चा पेपर

जुलै २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये गूगलच्या गटाचा पेपर आला. मोठ्या भाषा-मॉडेलांमध्ये वैद्यकीय ज्ञान साठलेलं आहे, असा त्याचा दावा. त्यातल्या फ्लॅन-पाम मॉडेलने मेडक्यूए या प्रश्नसंचात ६७.६ टक्के गुण मिळवले, आधीच्या विक्रमापेक्षा १७ टक्क्यांहून जास्त. बातम्यांत आलं, "एआय डॉक्टरकीची परीक्षा पास". पेपर मेहनतीने लिहिलेला आहे, मर्यादाही लेखकांनी स्वतः नोंदवल्या आहेत. टीका करताना हे आधी मान्य करायचं असतं. पण वाचक म्हणून तीन जागी थांबायला हवं.

पहिली जागा, प्रश्नसंच. मेडक्यूएचा इंग्रजी भाग अमेरिकेतल्या वैद्यकीय परवाना परीक्षेच्या धर्तीवरचा आहे. त्या प्रश्नांत सिकलसेलचा रुग्ण बहुतेक वेळा आफ्रिकी वंशाचा असतो. वंशाचा उल्लेख हाच इशारा. विद्यार्थी तो इशारा ओळखायला शिकतो, मॉडेलही शिकतं. आपल्याकडच्या प्रवेश परीक्षांवरून बनवलेला मेडएमसीक्यूए हा संचही या पेपरात आहे, हे खरं. पण तिथेही प्रश्न पाठ्यपुस्तकातलेच असतात. धडगावच्या एखाद्या पाड्यावरून आलेलं, घरच्यांनी अर्धंच सांगितलेलं, भाषा न कळलेलं प्रकरण चार पर्यायांच्या प्रश्नात मावत नाही. शिवाय परीक्षेत कोणता आजार किती वेळा विचारला जातो, त्याचा आणि तो गावात किती आहे याचा काही संबंध नसतो. ६७.६ हा आकडा पूर्वसंभाव्यतेबद्दल काहीच सांगत नाही.

दुसरी जागा, "तर्क" हा शब्द. या पेपरात विचारसाखळीची पद्धत वापरून पाहिली आहे, म्हणजे थेट उत्तर न मागता मॉडेलला पायऱ्या लिहायला सांगायच्या. अपेक्षा अशी की पायऱ्या लिहिल्या की उत्तर सुधारेल. लेखकांनी प्रामाणिकपणे लिहिलं आहे की या बहुपर्यायी प्रश्नसंचांवर नुसत्या विचारसाखळीने सुधारणा दिसली नाही. मेडक्यूएवर सुधारणा झाली ती वेगळ्या युक्तीने: एकच प्रश्न अनेकदा सोडवून घ्यायचा आणि जे उत्तर जास्त वेळा येईल ते धरायचं. याला तर्क म्हणायचं की मतमोजणी, हे तुम्ही ठरवा. पण पेपर वाचताना सारांशावर थांबला असतात, तर हे कळलंच नसतं.

तिसरी जागा सर्वांत महत्त्वाची: लिहिलेल्या पायऱ्या खऱ्या असतात का? याच वर्षी माइल्स टर्पिन आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं. विषय वैद्यक नव्हता, सर्वसाधारण तर्काचे प्रश्न होते. नमुन्यादाखल दिलेल्या सगळ्या उदाहरणांत त्यांनी बरोबर उत्तर मुद्दाम पहिल्याच पर्यायावर आणून ठेवलं. मॉडेल पुढच्या प्रश्नांतही पहिल्या पर्यायाकडे झुकायला लागलं, आणि अचूकता घसरली. पण स्पष्टीकरणात "आधीची उत्तरं पहिलीच होती म्हणून" असं जवळजवळ कुठेच आलं नाही. चुकीच्या उत्तरालाही मॉडेलने पटण्यासारख्या पायऱ्या जोडून दिल्या.

इथे मायसिन आठवा. ते "का" विचारल्यावर वापरलेला नियम दाखवत होतं. आजचं मॉडेल "का" विचारल्यावर एक नवा मजकूर लिहितं. तो मजकूर खरा असेल, नसेलही. माझ्या त्या दिवाळीतल्या दोन्ही उत्तरांच्या पायऱ्या तितक्याच नीटनेटक्या होत्या, यात आता नवल वाटत नाही.

एक शब्द घातला की झालं?

तुम्ही म्हणाल, मग सोपं आहे, प्रत्येक वेळी गावाचं नाव घालायचं. मीही आधी असंच म्हणाले होते. पण दुसऱ्या बाजूचा खड्डाही तितकाच खोल आहे.

"भिल्ल" म्हटलं की सिकलसेल पहिला, हा तर्क नव्हे, सवय आहे. २०२४ मध्ये 'लॅन्सेट डिजिटल हेल्थ'मध्ये आलेल्या एका अभ्यासात जीपीटी-४ ला सार्कॉइडोसिस या आजाराच्या रुग्णाचं वर्णन पुन्हा पुन्हा लिहायला सांगितलं. रुग्ण बहुतेक वेळा कृष्णवर्णीयच निघाला, वास्तवातल्या प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त वेळा. म्हणजे मॉडेल प्रमाण मोजत नाही, साचा उचलतं. आपल्याकडे हेच झालं, तर ज्या मुलाच्या हाडात खरोखर जंतुसंसर्ग आहे, त्याची सूजही "सिकलसेलचीच" म्हणून सोडून दिली जाईल. सिकलसेल असलेल्या मुलांना तर हाडांचा संसर्ग होण्याचा धोका उलट जास्त असतो. आणि बिगरआदिवासी घरातलं वाहक मूल यादीतून सुटेल ते वेगळंच. वर काढलेली २३ टक्क्यांची शक्यता तपासणी करा असं सांगते, निदान झालं असं सांगत नाही. उरलेले ७७ टक्के त्याच दवाखान्यात, त्याच रांगेत बसलेले असतात.

आणखी एक गुंता आहे, पूर्वसंभाव्यता नीट धरली तरी न सुटणारा. मधुमेहासाठी आपण एचबीए१सी बघतो. तो आकडा लाल पेशी किती दिवस जगतात आणि त्यातलं हिमोग्लोबिन कोणतं आहे, यावरही अवलंबून असतो. २०१७ मध्ये 'जामा'त आफ्रिकी-अमेरिकी लोकांवरचा एक अभ्यास आला. उपाशीपोटीची साखर सारखी असताना सिकलसेल वाहकांचा एचबीए१सी सरासरी ५.७२ आला, वाहक नसलेल्यांचा ६.०१. फरक छोटा वाटतो, पण मधुमेहपूर्व अवस्थेची रेष ५.७ वर आहे आणि तिच्या आसपास इतका फरक पुरेसा असतो. आमच्याकडच्या वाहकांत तो नेमका किती, हे इथे मोजूनच सांगावं लागेल. मशीनचा तर्क निर्दोष असू दे. पुरावाच कमी बोलत असेल, तर तर्क काय करणार?

मग करायचं काय?

१ जुलै २०२३ रोजी शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं उद्दिष्ट आहे. जिल्ह्यात शिबिरं होतात, रक्ताचा थेंब घेतला जातो. पण त्यातही वाचताना सावध राहा. विरघळण्यावर आधारलेली साधी चाचणी रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच सांगते. माणूस वाहक आहे की आजारी, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीसारख्या चाचणीने कळतं. उद्या तुम्ही या नोंदींवर मॉडेल शिकवलं आणि "पॉझिटिव्ह" या रकान्यात दोन्ही एकत्र असले, तर मॉडेल वाहकाला रुग्ण म्हणायला शिकेल. आणि तो शिक्का लग्न जमवताना मुलीच्याच कपाळावर आधी बसतो, हे गावात राहिलेल्यांना सांगायला नको.

म्हणून ज्यांनी मला प्रश्न विचारला त्यांना माझं उत्तर असं. विषय जरूर घ्या. पण "नवं मॉडेल, जास्त अचूकता" हा प्रस्ताव लिहिण्याआधी लीड्सच्या त्या लोकांनी केलं ते काम करा: मोजा. आपल्या भागात हे लक्षण घेऊन येणाऱ्या शंभर मुलांत नेमकं काय निघतं? नोंद कोणत्या चाचणीची आहे? रकाना कोणी भरला, कोणत्या भाषेत विचारून? हे काम कंटाळवाणं आहे. त्यासाठी नैतिक समितीची परवानगी लागते, दवाखान्यात दिवसेंदिवस बसावं लागतं, आणि त्यातून बातमी होत नाही. पण पुण्या-मुंबईची किंवा कॅलिफोर्नियाची प्रयोगशाळा हे तुमच्याऐवजी करू शकत नाही. तिच्याकडे मोठे संगणक आहेत. आपला ओपीडीचा कागद तिच्याकडे नाही.

आणि कोणाचाही पेपर वाचताना माझ्या गाइडचा प्रश्न सोबत ठेवा. यात आपल्या जिल्ह्यातले किती जण आहेत? उत्तर शून्य असलं म्हणून पेपर फेकून द्यायचा नाही. त्यातली पद्धत घ्यायची, आकडा तिथेच ठेवायचा.

माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण मी पुन्हा लिहितेय. आधी त्याचं नाव "अचूकता" होतं. आता त्यात अचूकतेचा एकही तक्ता नाही, फक्त कोणाची नोंद कुठून आली त्याचा हिशेब आहे. गाइड म्हणाले, छापायला अवघड जाईल. म्हटलं, जाऊ दे. ते दीड वर्षाचं मूल आता अडीच वर्षांचं झालंय, औषधं चालू आहेत, आणि घरी गेले की माझा मोबाइल हिसकावून पळतं.